मिठाकडे पाहणारी मेंढरं

तोआदेर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्याचं सगळं वाटून झालं. कातडी टोपी गेली, नवा कोट गेला, घोंगडीही गेली. मेलेल्याच्या नावानं इथं जे द्यावं, ते त्याला पलीकडे मिळतं. भिंतीवरचं चित्र तेवढं राहिलं.

"तेही दे, राफिला," सवेता आत्या म्हणाली. "जन्म मेंढरांमागं काढला त्यानं. आता काय ढग चारत बसू दे?"

राफिलानं चित्राकडे पाहिलं. चित्रात कड्याखालचे खडक, मेंढरं आणि दोन शेळ्या. माणूस एकही नाही. ती लहान असताना एक चित्रकार उन्हाळाभर डोंगरावरच्या मेंढरांच्या वाड्यावर राहिला होता. जनावरं काही एका जागी ठरेनात. मग तोआदेर मिठाचा खडा घेऊन त्याच्या पाठीमागं उभा राहिला. जवळ उभ्या लेकीला म्हणाला, "हलू नकोस. हललीस की पांगतील." सगळी जनावरं माना वर करून त्याच्याकडे बघत राहिली.

चित्रासमोर उभं राहिलं की राफिला बापाच्या जागी उभी असे. तो गेल्यापासून रोज ती तिथं उभी राही.

आत्या बाहेर गेली. राफिलाच्या डोळ्यांपुढं पलीकडे उभा असलेला बाप आला. हातात मीठ, आणि समोर कोणीच नाही.

तिनं खिळ्यावरून चित्र उतरवलं. रीतीप्रमाणे पेटवलेल्या मेणबत्तीसकट ते वाड्यावरच्या गाव्रिलच्या हातात दिलं. मेंढरांमागं तोआदेरचा तो जन्माचा सोबती.

"बाबांच्या नावानं, काका."

"देव त्याला हे पोचवो." गाव्रिलनं चित्र उजेडात धरलं. "ही शेळीची शिंगं? दाराच्या कड्या ठोकल्यात नुसत्या!"

"तुला काय तिचं दूध काढायचंय?" दारातून आत्या ओरडली. "घे मुकाट्यानं!"

गाव्रिल हसला, मग बाहीनं डोळे पुसले. चित्र त्यानं गाढवाच्या पाठीवर, शेपटीकडे तोंड करून बांधलं आणि डोंगराची वाट धरली.

चढावर गाढव डुलत निघालं. चित्रातली मेंढरं मागं, राफिलाकडे बघत वर चालली होती. आत्यानं जेवायला हाक मारली. राफिला फाटकाशी उभी होती. चित्र खडकांआड जाईपर्यंत ती हलली नाही.