डुबकीनंतरचा दिवस

धाकट्या मुलीचं लग्न ज्या वर्षी ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न उन्हाळ्यातून उचलून हिवाळ्यात टाकलं. हॉलवाला कुरकुरला, पाहुण्यांनी नाकं मुरडली. या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. मुलीच्या बापाने लग्नासाठी मागितलेली उन्हाळ्यातली रजा मंजूर होऊन बसली होती.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या पोटात लिफ्टसाठी जी उभी पोकळी ठेवलेली असते, तिच्यात त्याचा जन्म गेला होता. कामावरचे लोक त्याला ‘खालीवर’ म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

“मंजूर झालेली रजा परत करणारा माणूस अजून जन्माला यायचाय,” तो चहा पिताना बायकोला म्हणाला. “मी समुद्रात जाणार.”

“जीव द्यायला?”

“बघायला. पाण्याखाली. हवेची टाकी पाठीला लावून.”

“अहो, तीस वर्षं खालीच उतरताय की. अजून हौस फिटली नाही?”

“तिथे खाली काय असतं? ग्रीस आणि पडलेल्या किल्ल्या.”

हे खूळ त्याच्या डोक्यात एका बँकेतून आलं होतं. बँकेची लिफ्ट नेहमी बिघडायची आणि सुटा भाग येईपर्यंत त्याला खालच्या दालनात थांबावं लागायचं. तिथे माशांची मोठी काचपेटी होती. तो तिच्यासमोर उभा राहायचा. पहारेकरी म्हणायचा, “काय, ओळख निघाली का कुणाशी?”

गरम प्रदेशातली बेटं त्याने निवडली, कारण थंड पाणी त्याला सोसत नसे. मोठं विमान, मग लहान विमान, मग होडी. बायको म्हणाली, मी येणार, पण काठावर बसणार. तुम्ही बुडालात तर सांगायला कुणीतरी हवं ना. दर रविवारी तो पोहण्याच्या तलावावर शिकायला जाऊ लागला. शिकवणारी बाई रुंद खांद्यांची होती आणि तिच्या बोलण्याला शिट्टीची धार होती. वर्गात हाच सगळ्यांत म्हातारा.

“खाली जाताना कान दुखले की नाक दाबून हलकेच फुंकायचं,” बाई म्हणाली.

“नाक दाबलं की तोंड उघडतं असं ऐकलं होतं,” तो म्हणाला. “इथे कान उघडतात.”

बाई हसली नाही. “वर यायची घाई करणारा माणूस मला नको,” ती म्हणाली. “खाली श्वास रोखायचा नाही, वर येताना सावकाश यायचं. आणि शेवटची डुबकी झाली की एक अख्खा दिवस विमानात पाय ठेवायचा नाही. खालच्या दाबाने हवा रक्तात मुरलेली असते. वर आभाळात गेलात की ती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसून बाहेर येते. माणूस लुळा होतो, मरतोही.”

त्याला हे फार आवडलं. इतकं आवडलं, की त्याने ते रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. सगळ्यांत ताई होती.

ताई त्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढून घरी बसली होती, म्हणजे बसली नव्हतीच. रोज सकाळ-संध्याकाळ भावाच्या घरी येऊन आईचं अंग पुसणं, औषध, केस विंचरणं सगळं करायची. हात मऊ आणि जिभेला हाड नाही.

“म्हणजे इकडे आईचं काही झालं,” ताईने घास खाली ठेवला, “तर तू तिकडे वाळूत बसून राहणार. समोर विमान उभं असून.”

“ताई, काही होणार नाही.”

“बाबांच्या वेळीही काही होणार नव्हतं.”

बाबा गेले त्या दुपारी तो एका लिफ्टच्या टपावर उभा होता आणि फोन खाली पिशवीत होता. तो खाली उतरला, हात पुसले, फोन बघितला, धावत घरी आला. तोवर बाबांचे डोळे ताईने मिटले होते. ताईने तेव्हा त्याला एका शब्दाने दुखवलं नव्हतं. पुढे मात्र दरवर्षी थोडं थोडं वसूल करत आली होती.

आई आतल्या खोलीत पडून असायची. चौऱ्याऐंशी वर्षांची. हृदय थकलेलं, डोकं लखलखीत. त्याने डॉक्टरला जाऊन विचारलं, मी आठवडाभर गेलो तर चालेल का. डॉक्टर म्हणाला, “दिव्यात तेल आहे, पण किती ते भांडं काही दाखवत नाही. उद्या विझेल, नाहीतर चार वर्षं जळेल. तुम्ही घरात बसल्याने तेल वाढणार नाही.”

हे त्याने घरी सांगितलं नाही. सहलीचा विषय काढणं त्याने बंद केलं. रविवारी मात्र तलावावर जायचा आणि ओले केस घेऊन चोरासारखा परत यायचा. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “मी जा म्हणत नाही, जाऊ नका म्हणत नाही. आई तुमची, समुद्र तुमचा.”

शेवटी एका संध्याकाळी आतून हाक आली. “अरे, तो बेटांचा नकाशा आण इकडे. आणि तुझ्या बहिणीलाही आण. भिंतीआडून ऐकून माझा कान दुखायला लागलाय.”

नकाशा आईच्या पांघरुणावर पसरला. आईने चष्मा लावला. “किती दिवस तिथे?”

“पाच. सहाव्या दिवशी निघायचं.”

“आणि पाण्यात कधी?”

“पहिले चार दिवस. शेवटचा दिवस कोरडा ठेवायचा, विमानासाठी.”

“चार दिवस म्हणजे चारही दिवस अडकलेला,” ताई म्हणाली. “मी सांगते. पहिले दोन दिवस काय बुडायचं ते बूड. तिसऱ्या दिवसापासून काठावर. फोन आला की उठायचं आणि निघायचं. दोन दिवस मी आईला काही होऊ देत नाही. पुढचं माझ्या हातात नाही.”

“आणि मला कुणी विचारलं का?” आई म्हणाली.

“तुला काय विचारायचं?”

“कधी मरायचं ते.”

बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. ताईलासुद्धा हसू आवरेना. त्याने ताईला शब्द दिला: फक्त पहिले दोन दिवस. तिकिटं निघाली.

बेटावर पोचले त्या रात्री वारा सुटला. सकाळी होड्या बांधलेल्या. होडीवाल्याने समुद्राकडे बोट दाखवून मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तो भाड्याचा काळा पोशाख मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिला. बायको म्हणाली, “एवढ्या लांब येऊन बँकेतल्यासारखेच दिसताय.”

तिसऱ्या दिवशी वारा पडला. पाणी असं निवळलं, की काठावरून तळाची वाळू दिसत होती. होडीवाला दारात येऊन उभा राहिला. “चला, आज आरसा आहे.”

तो जागचा हलला नाही.

“फोन तरी करा,” बायको म्हणाली.

फोन ताईने उचलला. त्याने दोन दिवसांचा वारा सांगितला, आजचं पाणी सांगितलं.

“शब्द दिलायस तू,” ताई म्हणाली. “वाऱ्याने शब्द उडत नाही.”

मागून आईचा आवाज आला. “कोण आहे? दे इकडे.” मग खरखर झाली, आणि आई थेट कानात बोलली. “भिजलास का?”

“नाही.”

“मग गेलास कशाला एवढ्या लांब?”

“ताईला शब्द दिलाय.”

“शब्द तिला दिलास. मरायचं मला आहे.”

“आई, काही झालं तर मला दिवसभर निघता येणार नाही. बाबांच्या वेळी...”

“तुझे बाबा गेले तेव्हा मी शेजारी होते,” आई म्हणाली. “हात धरून होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, खिडकीकडे बघत होते. जवळ असून मी काय केलं? जा. आणि सावकाश वर ये, काहीतरी फसफसतं म्हणत होतास.”

तो गेला. नाक दाबलं, कान उघडले, आणि दोरीला धरून हाताहाताने खाली उतरला. खाली पिवळ्या माशांचा थवा होता. त्याला बघून थव्याने जागा करून दिली आणि तो पुढे सरकताच पुन्हा मिटून घेतली. एक कासव त्याच्याजवळून निघून गेलं, त्याला काही देणंघेणं नसल्यासारखं. टाकीचा काटा खाली आला तसा तो सावकाश वर आला. दुसऱ्या दिवशीही गेला.

त्यानंतरचा दिवस त्याने काठावर काढला. फोन गुडघ्यावर ठेवून बसला. बायकोने जेवायला बोलावलं, तर फोन ताटाशेजारी ठेवून जेवला. संध्याकाळी तो एकदा वाजला आणि त्याने नाव न बघताच उचलला. धाकटी होती. हॉलवाल्याचे पडदे तिला पसंत नव्हते.

घरी आला तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. “काय असतं रे खाली?”

“शांत असतं,” तो म्हणाला. “स्वतःचा श्वास ऐकू येतो.”

“तो मला इथे रात्रभर येतो. मासे सांग.”

त्याने मासे सांगितले. कासवावर आई थांबली, ते किती मोठं होतं ते हात पसरून दाखव म्हणाली. ताई कोपऱ्यात औषधं लावत होती. ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “जिवंत आहे ना तुझी आई? मी होते म्हणून.”

“हो, ताई,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

हिवाळ्यात लग्न झालं. आई चाकांच्या खुर्चीतून लग्नाला आली, हॉलच्या पडद्यांना नावं ठेवून गेली. पुढे वर्षभर तब्येत वरखाली होत राहिली, आणि त्यापुढच्या थंडीत ती जेवेनाशी झाली. ताई आपलं घर बंद करून भावाकडेच राहायला आली. रात्री ताई जागायची, पहाटे तो बसायचा. एका सकाळी औषध संपलं म्हणून ताई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तो उशाशी बसला होता, कामाचे कपडे घालून. आईने एकदा दीर्घ श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही.

ताई परत आली. हातात औषधाची पिशवी, चपला पायातच. दारात उभी राहून तिने बघितलं आणि तिला समजलं. तो उठला आणि आपली खुर्ची तिला दिली. डोळे तू मीट, असं म्हणाला. ताई खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर तशीच धरून राहिली. ती त्या वेळी दुकानात होती, हा विषय त्या सकाळी किंवा पुढे कधीही त्याने तिच्याजवळ काढला नाही.

आई गेली ती धाकटीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, बुधवारी सकाळी.