सव्वातीन तासांचं कलकत्ता

मित्रांनो, पाण्याच्या पाटावर पालथी पडलेली ही जुनी सागवानी फळी म्हणजे मी. रोज तुम्ही माझ्या पाठीवरून शाळेत जाता. पोटाशी काय लिहिलंय, ते कोणी पाहत नाही.

लढाईच्या दिवसांत गोंदियाजवळच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बुजवून विमानांसाठी धावपट्टी केली. तेव्हा सुताराने मला रंधा मारला आणि साहेबाने माझ्यावर लिहवून घेतलं: मुंबई ५०० मैल, तीन तास. कलकत्ता ५२५ मैल, सव्वातीन तास. मला धावपट्टीच्या फाटकाशी रोवलं. साहेब लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत. मला भारी गर्व चढला. तास कोणाचे, ते माझ्यावर नव्हतं. मीही विचारलं नाही.

उदारामच्या बांध्या त्या पट्टीखाली गेल्या. तो कलकत्त्याच्या गोदीत हमालीला गेला. फाटकाला लागून एक बांधी उरली, ती त्याची बायको रुख्मा करायची. त्रेचाळीस साली ऐन रोवण्यात, भाताच्या लावणीत, तार आली: उदाराम दवाखान्यात, ताबडतोब या.

रुख्मा चिखलाच्या पायांनीच चौकीदाराकडे आली.

“बकाराम भाऊ, कलकत्ता किती दूर आहे जी?”

माझे आकडे पाठ असलेल्या बकारामने ऐटीत सांगितलं, “सव्वातीन घंटे.”

“येवढंच? नागऱ्याच्या जत्रेले दमणीनं येवढा वेळ लागते!”

आमच्याकडे अंतर असंच मोजतात, बैलांच्या चालीने.

शेताच्या धुऱ्यावरून सासू सुमित्राबाई ओरडली, “कायले उभी आहेस वं? आत्ता निघ!”

“परे उपटून ठेवले, माय. बाया आल्या. आज रोवणा उरकतो. उद्या सकारी निघतो, दुपारी त्याच्यापाशी.”

उपटलेली रोपं पडून राहिली की माना टाकतात. तिचं काय चुकलं? चुकले आम्ही, लिहिणारे आणि मिरवणारे.

दुसऱ्या दिवशी फडक्यात एका वेळेचा भात बांधून ती रेल्वेत बसली. एक दिवस, एक रात्र, वर आणखी अर्धी सकाळ गेली. ती पोचली तेव्हा खाट रिकामी होती. आदल्या संध्याकाळपर्यंत तो दाराकडे पाहत राहिला होता म्हणे.

परतल्यावर ती सरळ फाटकाशी आली.

“सव्वातीन घंटे कोणाचे, बकाराम भाऊ?”

“इमानाचे, वयनी.”

“मंग तसं काऊन नाही सांगितलं?”

“तुले ठाऊक असन वाटलं.”

तिने बांधीतला चिखल उचलला आणि माझ्या कलकत्त्यावर थापला. साहेबाने दुसऱ्या दिवशी मला धुऊन घेतलं. त्याला कारण विचारावंसंही वाटलं नाही.

लढाई संपली, साहेब गेले. माझा रंग उडाला. मग रुख्मानेच मला उपटलं आणि अक्षरं खाली करून पाटावर टाकलं.

मित्रांनो, मी थकले. मला पुन्हा रंगवू नका. तुम्ही शिकाल, पाट्या लिहाल, तेव्हा तास कोणाचे तेही लिहा. आणि माझं हे डावं टोक कुजलंय, त्याखाली एक दगड तेवढा सरकवा. रुख्मा डोक्यावर रोपांचा भारा घेऊन याच वाटेने येते.