मिसळणाच्या डब्यातलं ग्रीक-लॅटिन

मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. गोल, स्टीलचा, पोटात सात वाट्या. मित्रांनो, तुमच्याही स्वयंपाकघरात माझा एखादा भाऊबंद असेल. पण त्याच्या पोटात मोहरी-हळद असेल. माझ्या पोटात ग्रीक आणि लॅटिन आहे! हसू नका. त्याच्याच बळावर आमचे जयसिंगराव ऑपरेशनला तयार झाले, नाहीतर त्यांचा हट्ट त्यांच्याच जिवावर बेतला असता.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा दाबून मला गोल केलं, घासून चकचकीत केलं आणि गोजराबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला आहेरात दिलं. झाकणावर अजून मामांचं नाव कोरलेलं आहे. नांदे गावच्या त्या घरात तीस वर्षं मी प्रत्येक फोडणीला हजर होतो. पाहुण्यांनी आमटीची वाहवा केली, की मला वाटायचं ती माझीच. पुढे प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या वाट्यांत खिळे आणि फ्यूजची तार भरली. फार वाईट वाटलं हो मला.

मग मागच्या खोलीत रूपाली भाड्याने राहायला आली. माले गावाच्या वर डोंगरात तिची वाडी. नर्सिंगचं पहिलं वर्ष. शाळा सगळी मराठीत झालेली, त्यामुळे इंग्रजी शब्द ती नुसते घोकायची आणि पेपर हातात आला की विसरायची. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. तेव्हा कॉलेजातल्या साधना सिस्टरांनी तिला सांगितलं, की हे लांबलचक शब्द अखंड नसतात, ग्रीक आणि लॅटिनचे तुकडे जोडून केलेले असतात. तुकडे शिकलीस तर शब्द आपोआप उलगडतील.

रूपालीने वहीची पानं कापून चिठ्ठ्या केल्या. त्या ठेवायला गोजराबाईंनी मला खाली उतरवलं, खिळे काढून धुतलं. काही वाट्यांत शरीराचे भाग गेले: कार्डिओ म्हणजे हृदय, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, आर्थ्रो म्हणजे सांधा. लिथो म्हणजे खडा, तोही त्यांच्यातच बसला. बाकीच्या वाट्यांत शेवटी लागणारे तुकडे: आयटिस म्हणजे सूज, टॉमी म्हणजे छेद देणं, एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं.

संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता गोजराबाई चिठ्ठ्या काढायच्या आणि परीक्षकाच्या थाटात विचारायच्या, "सांग, ह्याचं काय?" त्यांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. पण महिनाभरात गुडघा धरून म्हणू लागल्या, "आज माजा आर्थ्रो लई आयटिस झालाय!"

त्याच सुमारास गोजराबाईंच्या यजमानांना, जयसिंगरावांना, कमरेत कळा सुरू झाल्या. मूत्रपिंडात मोठा खडा निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. पण शेजारच्या हैबतरावांनी कान भरले, "किडनीच काढून घेत्यात, तुला पत्ता बी लागायचा न्हाई." झालं! जयसिंगरावांनी फाइल फेकली. लघवीतून रक्त जायला लागलं, तरी ते हटेनात.

गोजराबाईंनी फाइल उचलून रूपालीपुढे ठेवली. त्यातला सगळ्यांत लांब शब्द होता नेफ्रोलिथोटॉमी. तो तिने आधी कधीच पाहिला नव्हता. तरी तिने मला उघडलं आणि तीन चिठ्ठ्या जयसिंगरावांपुढे ओळीने मांडल्या.

"काका, नेफ्रो म्हंजी मूत्रपिंड. लिथो म्हंजी खडा. टॉमी म्हंजी छेद. छेद देऊन खडा काढायचा, येवढंच."

जयसिंगरावांनी टॉमीची चिठ्ठी उचलून उलटसुलट करून पाहिली. "आन् काढून टाकायचं आसलं तर?"

"त्याची चिठ्ठी येगळी, एक्टॉमी. ती हितं डब्यातच हाय. तुमच्या कागदावर न्हाई." मग ती जरा थांबली. "पर मी आजून पहिल्याच वर्षाला हाय, काका. माज्या एकटीच्या सांगण्यावर जाऊ नका. उद्या डॉक्टरांना सरळ तोंडावर इचारू. मी येते संगं."

मित्रांनो, मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. येतं तेवढं तिने धीटपणे सांगितलं आणि जिथे आपलं ज्ञान संपतं, तेही लपवलं नाही.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. ऑपरेशन झालं, खडा निघाला, मूत्रपिंड जागच्या जागी राहिलं. म्हणून तुम्हाला विनवतो, लांब शब्द दिसला की पान उलटू नका. त्याचे तुकडे पाडा, एकेकाला ओळख विचारा. आणि माळ्यावरच्या माझ्यासारख्यांनाही एकदा उघडून बघा.

परवा हैबतराव स्वतःचीच फाइल घेऊन आले. "जयसिंग, जरा बघ रं काय लिवलंय."

"मला काय कळतंय? सिस्टरला दाव," जयसिंगराव म्हणाले.

रूपाली दारातच उभी होती. साधना सिस्टर आल्या की काय, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.