विषय क्रमांक नऊ

राष्ट्रीय फुटबॉल महासंघाची कार्यकारिणी महिन्यातून एकदा भरायची आणि भरपेट जेवून उठायची. त्या मधल्या वेळात काय घडलं, ते लिहून काढायचं काम बाईंचं. एकोणीस वर्षं त्या इतिवृत्त लिहीत होत्या. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

इतिवृत्त म्हणजे जे बोललं गेलं ते, असं बाईंना पहिल्या वर्षी वाटलं होतं. चिटणीसांनी तो गैरसमज लवकरच दूर केला. चिटणीस म्हणजे अध्यक्षांचे सख्खे मेहुणे. फुटबॉलशी त्यांचं नातं बहिणीच्या लग्नानंतर जुळलेलं. सभा संपली की ते बाईंच्या टेबलाला टेकत आणि सभेत काय बोललं गेलं ते बाईंना समजावून सांगत. भांडण झालं असेल तर ‘साधकबाधक चर्चा’. पैशाला पाय फुटले असतील तर ‘तांत्रिक समायोजन’. अध्यक्षांना डुलकी लागली असेल तर ‘अध्यक्षांनी सर्वांची मते शांतपणे ऐकून घेतली’. पुढच्या सभेत ते इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ मंजूर व्हायचं आणि नऊच्या नऊ सभासद खाली सह्या ठोकायचे. पान उलटून बघायचे कष्ट आजवर कुणी घेतले नव्हते. अध्यक्षांची चार वर्षांची मुदत अकरा वर्षं चालली होती, तीसुद्धा असल्याच एका इतिवृत्ताच्या जोरावर.

मैदानासाठी म्हणून जे अनुदान आलं, त्यातून महासंघाच्या इमारतीला संगमरवरी जिना झाला, लिफ्ट झाली, सभागृहाला गुबगुबीत खुर्च्या झाल्या. मैदान तेवढं व्हायचं राहिलं. मुलींचा राष्ट्रीय संघ साबणाच्या कारखान्यामागे सराव करायचा, तोही सकाळी ट्रक लागायच्या आत.

त्या संघात बाईंची भाची डावीकडची बचावपटू होती. बहीण गेल्यापासून पोरगी बाईंकडेच वाढलेली. पात्रता फेरीला संघाचं नाव दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा ‘निधीअभावी’ माघार घ्यावी लागली. दुसऱ्या वेळी भाचीनं जेवता जेवता विचारलं, “माघारीचं पत्र तू टाइप केलंस?”

“मला सांगितलं ते मी टाइप केलं.”

“बरं,” भाची म्हणाली आणि पुढचे आठ दिवस कामापुरतंच बोलली. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो ‘बरं’ बाईंच्या घशात हाडकासारखा अडकून बसला.

यंदा पात्रता फेरी पुन्हा आली आणि सभेच्या यादीत नववा विषय झाली. आधीच्या आठ विषयांना अडीच तास लागले. त्यातला निम्मा वेळ अभ्यास दौऱ्यानं खाल्ला. परदेशी मैदानांवरचं गवत अभ्यासायला नऊ सभासद सपत्नीक जाणार होते, आणि समुद्राकडेची खोली कुणाला मिळणार यावर घमासान झालं. तोवर शेजारच्या खोलीत भांडी वाजायला लागली होती.

“नऊ काय आहे?” अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

“मुलींची पात्रता फेरी. तेवीस तिकिटं. दरवर्षीचंच रडगाणं,” चिटणीस म्हणाले.

“मग द्या की.”

“कशातून?” खजिनदारांनी एक डोळा उघडला.

“अहो, आपल्या दौऱ्यातून द्या! गवत काय, पुढच्या वर्षीही उगवेल.” अध्यक्ष स्वतःच्या विनोदावर हसले, त्यामुळे बाकीच्यांनाही हसणं भाग पडलं. “मंजूर, मंजूर. चला, जेवण निवतंय.”

जेवणानंतर चिटणीस दात कोरत बाईंच्या टेबलाशी आले. “नऊला नेहमीचंच लिहा,” म्हणाले. नेहमीचं म्हणजे ‘विचाराधीन’.

“सभेत झालं तेच ना?” बाईंनी विचारलं.

“हो, हो, तेच,” म्हणत ते गाडीकडे गेलेसुद्धा.

बाईंनी कागद चढवला. ‘विषय क्रमांक नऊ. अध्यक्षांच्या सूचनेनुसार अभ्यास दौऱ्याची रक्कम मुलींच्या संघाच्या प्रवासासाठी वर्ग करण्याचे एकमताने मंजूर.’ हसण्याचा उल्लेख त्यांनी गाळला. इतक्या वर्षांत एवढं खरं वाक्य त्यांनी लिहिलंच नव्हतं.

पुढच्या सभेत इतिवृत्त सहीसाठी फिरलं. खजिनदार शेवटच्या पानावर थबकले. “बाई, हे काय?”

बाई उठून जवळ आल्या. “काय?”

“हे पेन. उमटतच नाही.”

बाईंनी स्वतःचं पेन दिलं. त्याच दुपारी सह्यांची प्रत नियमाप्रमाणे बँकेत गेली आणि दौऱ्याची रक्कम मुलींच्या तिकिटांकडे वळली.

चौथ्या दिवशी अध्यक्षांच्या पत्नी खिडकीजवळची जागा मागायला तिकीट कचेरीत गेल्या आणि तिथं त्यांना तेवीस मुलींची यादी बघायला मिळाली. तासाभरात तातडीची सभा भरली. जेवणही सांगितलं नव्हतं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

“हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?” अध्यक्ष गरजले.

“आपणच, साहेब. मंजूर, मंजूर, असं दोनदा म्हणालात.”

“तो विनोद होता!”

“मला वाटलं ठराव होता,” बाई म्हणाल्या. “दोन्हीला सगळे सारखंच हसतात.”

“इतिवृत्त खोटं आहे म्हणून बँकेला कळवून टाका!” चिटणीस ओरडले.

महासंघाचे वकील कोपऱ्यात बसले होते. त्यांची फी सात महिने थकली होती, म्हणून ते आज मोकळेपणानं बोलले. “जरूर कळवा. आम्ही न वाचता सह्या केल्या, असं लिहून द्यावं लागेल. मग बँक विचारेल, बाकीची वाचली होती का? जिन्याचं? साहेबांच्या मुदतवाढीचं?”

खजिनदारांचे दोन्ही डोळे उघडले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अध्यक्षांनी पाण्याचा अख्खा ग्लास रिता केला आणि घसा साफ केला. “मुली आपल्याच आहेत. आम्ही पहिल्यापासून त्यांच्या पाठीशी आहोत. बाई, लिहून घ्या.”

बाईंनी लिहून घेतलं.

मुली गेल्या. पहिला सामना पाच गोलांनी हरल्या, दुसरा बरोबरीत सुटला आणि तिसरा जिंकल्या. परदेशातला देशाचा तो पहिलाच विजय. वर्तमानपत्रात अध्यक्षांचा फोटो आला आणि फोटोच्या मागे, खांद्यांच्या फटीतून, संघही थोडा दिसला. वर्षअखेरीस महिला फुटबॉलचे खंदे पाठीराखे म्हणून त्यांचा सत्कार झाला. इतिवृत्त यापुढे सभेच्या आदल्या दिवशीच लिहून तयार ठेवावं, असाही ठराव झाला. ते काम चिटणीसांच्या सुनेकडे गेलं. बाईंची ज्येष्ठता लक्षात घेऊन त्यांना तळघरातल्या कोठारात बसवण्यात आलं.

भाचीला सगळी हकिकत वकिलांकडून कळली. तिनं घरी येऊन मावशीला इतकी घट्ट मिठी मारली, की बाईंचा चष्मा वाकडा झाला. तो सरळ करायच्या निमित्तानं त्यांनी डोळेही पुसून घेतले.

कोठारात पहिल्याच दिवशी त्यांना छतापर्यंत रचलेली, सुतळीनं बांधलेली खोकी दिसली. तीन वर्षांपूर्वी जागतिक संघटनेनं मुलींसाठी पाठवलेले बूट त्यांत होते. इकडे मुली पदरमोड करून बूट घेत होत्या, नाहीतर मोठ्या भावांचे, पुढे कापूस कोंबून, घालत होत्या.

“त्यांना हात लावायचा नाही,” कोठाराचा म्हातारा पहारेकरी म्हणाला. “तसा ठराव आहे म्हणतात.”

असा ठराव कधी झालाच नव्हता. झाला असता तर तो लिहिला बाईंनीच असता.

“कात्री कुठे असते हो इथं?” त्यांनी विचारलं.