परसातला जपानी बांबू

विष्णुपंतांनी आश्रुबा बुरुडाला बोलावून घेतलं, तेव्हा सुमंगलाबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. नवऱ्याच्या हातात काशीनाथचं पत्र आहे हे त्यांनी लांबूनच ओळखलं.

काशीनाथ त्यांचा एकुलता एक मुलगा. परभणीत एका कापसाच्या पेढीवर कारकून होता. मालकाने त्याची हुशारी पाहून त्याला जपानात, कोबे बंदरातल्या आपल्या कचेरीत धाडलं. दोन वर्षं पत्रं येत राहिली. शेवटचं आलं दिवाळीत, आणि मार्गशीर्षात जपान लढाईत उतरला. आता चैत्र लागला होता, तरी एक ओळ नव्हती. जिंतूरच्या सरकारी मदरशातली मास्तरकी संपवून, पेन्शन घेऊन चारठाण्याला येऊन राहिलेले विष्णुपंत रोज सकाळी तेच पत्र मोठ्याने वाचत. सुमंगलाबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या हातातलं काम ठेवून ऐकत.

पत्राच्या मागे काशीनाथने एक चित्र काढलं होतं. खुंट्यावर तोललेला बांबू, त्यात वरून पडणारी पाण्याची धार. बांबू भरला की तोंडाकडून झुकतो, पाणी ओततो, आणि रिता होऊन परतताना मागचा शेंडा खालच्या दगडावर आपटतो. तिकडे शेतात रानडुकरं हुसकायला हे लावतात, आणि बागेत नुसतं ऐकायला.

"डुकरं हुसकायला व्हय?" आश्रुबा हसला. "मंग मास्तर, तुमच्या परसात कोणती डुकरं यायलीत?"

विष्णुपंत हसले नाहीत. "तुला जमेल का, तेवढं सांग."

"जमंल की. बांबूच हाय ना."

आश्रुबा परसाकडे वळल्यावर सुमंगलाबाई पुढे आल्या. "अहो, काय करायलात तुम्ही हे? माणूस गेल्यावर त्याच्या नावानं काहीतरी बांधतात, तसं?"

"असं बोलू नकोस."

"मग कशाला? तो आल्यावर त्यालाच करू द्या."

धार पडावी म्हणून विहिरीजवळच्या दगडी डोणीच्या बुडाला भोक पाडायला विष्णुपंतांनी पाथरवट बोलावला.

दोन दिवस ते जमेना. बांबू एकदा झुकला की तसाच तोंड खाली घालून पडून राही, आणि पाणी केळीत वाहून जाई. विहीर आधीच तळाला चाललेली. पोहऱ्याने शेंदून डोण भरता भरता विष्णुपंतांच्या हाताला फोड आले. शेवटी आश्रुबाने बांबू खाली काढला, मांडीवर आडवा घेऊन तोलून पाहिला, खुंटीचं भोक चार बोटं पुढे पाडलं आणि परत बसवला. धार पडू लागली. बांबू भरला, झुकला, रिता झाला, आणि मागचा शेंडा दगडावर पडला. टक्.

विष्णुपंतांनी डोळ्यांना उपरणं लावलं. स्वयंपाकघरात सुमंगलाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. दाराची कडी वाजली असं त्यांना वाटलं होतं.

पुढे रोज तेच झालं. बांबूच आहे हे ठाऊक असूनही प्रत्येक वेळी काळीज दाराकडे धावे. एकदा भर दुपारी त्या खरोखरच धावत गेल्या आणि दार उघडलं. समोर तापलेला रस्ता, दुसरं काही नाही. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

गाव मात्र बघायला येऊ लागलं. मास्तरच्या परसात जपानी यंत्र वाजायलंय, म्हणता म्हणता ते यंत्र तारेचं झालं, आणि तारेचं यंत्र जपानला खबरी द्यायला लागलं. आठवड्याभरात ठाण्यावरचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन दारात उभे राहिले.

त्यांनी परसात जाऊन बांबूकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पंडितजी, मला दिसतंय हा खेळ आहे. पण वरून विचारणा झाली तर मी काय लिहू? हे काढा. आणि पोराचे सगळे खत इथे आणा."

"हे कुणी बनवलं?" एका शिपायाने विचारलं.

आश्रुबा कुंपणापाशीच उभा होता. त्याचं तोंड उतरलं.

"मी," विष्णुपंत म्हणाले. "मीच बनवलं."

मग ते आत गेले आणि पत्रांचं बासन घेऊन आले. एखादं तरी मागे ठेवतील असं सुमंगलाबाईंना वाटत होतं. पण आयुष्यभर सरकारी हुकूम पाळलेल्या त्या माणसाच्या हाताने सगळी पत्रं दिली, दिवाळीचंसुद्धा.

बांबू सुमंगलाबाईंनीच खुंटीवरून उतरवला. त्यांना वाटलं होतं, आता जीव शांत होईल. तसं झालं नाही.

विष्णुपंतांनी अन्न टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी, पत्र वाचायच्या वेळेला, ते रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते. "मला त्याचं एक वाक्यसुद्धा नीट आठवत नाही गं," ते म्हणाले. "मी देऊन टाकलं."

सुमंगलाबाईंनी कोनाड्यातला दौत-टाक आणून त्यांच्यापुढे ठेवला. "लिहा. मी सांगते."

आणि त्या सांगू लागल्या. तीर्थरूप बाबांपासून, कोब्यातली थंडी, बंदरावरच्या बोटी, खुंट्यावरचा बांबू, शब्दाला शब्द लावून. विष्णुपंत खाली मान घालून लिहीत होते.

"आईस सांगावे," सुमंगलाबाई म्हणाल्या, "की तिच्या हातच्या धपाट्यांची रोज आठवण येते, आणि मी परत आल्यावर तिला पुन्हा सोडून जाणार नाही."

टाक थांबला.

"काय झालं?"

विष्णुपंतांनी वर पाहिलं नाही. "हे... हे त्यात नव्हतं," ते हळूच म्हणाले. "त्यानं फक्त आईस नमस्कार, एवढंच लिहिलं होतं. बाकीचं मी मनाचं घालून वाचत होतो."

सुमंगलाबाईंनी हातातला पदर पिळून पिळून सोडला. सहा महिने रोज सकाळी त्या ज्या एका वाक्यासाठी चुलीपासून उठून येत होत्या, ते वाक्य ह्या माणसाचं होतं.

"लिहा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण..."

"मी सांगायलेय ना. लिहा."

विष्णुपंतांनी टाक दौतीत बुडवला.