खांबाशेजारचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना काँक्रीटचा ठोकळा आहे आणि उद्या सकाळी मला यंत्रात घालून फोडणार आहेत. लगेच हळहळू नका. माझ्या जातीचे ठोकळे फुटण्यासाठीच जन्माला येतात. माझे फुटणे अकरा वर्षे लांबले, इतकेच. त्या अकरा वर्षांत जे पाहावे लागले ते आधी सांगून टाकतो. नंतर सांगायला तोंड उरणार नाही. तसे ते आताही नाही म्हणा, आणि सगळे दुखणे तिथेच आहे.

मी सगळ्या बाजूंनी सारखा, वीतभरही नाही, पण उचलायला जाल तर कंबर धराल. वजन आठ किलो. इमारत बांधताना नियम असा असतो, की खांबात जे काँक्रीट ओतायचे त्यातलेच थोडे बाजूला काढून लोखंडी साच्यांत भरायचे. दुसऱ्या दिवशी साचे उघडायचे, ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत नेऊन दाबून फोडायचे. ठोकळा किती दाबाला फुटला त्यावरून खांब किती भार पेलेल ते कळते. खांब फोडून पाहता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आम्ही फुटतो. ज्याने हा नियम केला त्याने डोके चालवूनच केला. त्याने एकच गोष्ट गृहीत धरली होती, की ठोकळ्यातला माल आणि खांबातला माल एकच असेल.

मला भरले ते मिस्तरींनी. उंच माणूस, कानावर पेन्सिल, आणि कामात कोणी बडबड केलेली खपत नसे. साचा तीन थरांत भरायचा आणि प्रत्येक थराला लोखंडी कांबीने पस्तीस ठोसे द्यायचे, हे ते देवाला स्मरून करत. ठोसे मोठ्याने मोजत. मध्येच कोणी हाक मारली तर पुन्हा एकपासून सुरू करत. थापीने माझे डोके त्यांनी असे सपाट केले, की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तरी जागचा हलला नसता. मिस्तरींच्या हातचा ठोकळा कधी नापास झाला नाही, असे साइटवर सगळे म्हणत, आणि ते ऐकून मिस्तरी न ऐकल्यासारखे करत.

सातवा साचा भरून झाला आणि सुपरवायझरने विचारले, "मिस्तरी, साचे झाले?"

"झाले."

"मग सोडा पाणी!"

कोणीतरी रबरी पाइप उचलला आणि मिक्सरमध्ये धार सोडली. खांबात सळ्या दाट होत्या आणि घट्ट माल त्यांच्यामधून खाली उतरेना. पाणी पडले तसा तो पातळ झाला आणि सरसर उतरू लागला. मिस्तरींनी पाहिले. "बघा, कसा पळतोय," म्हणून ते हसलेसुद्धा. जेवणाची सुट्टी जवळ आली होती आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

मित्रांनो, तिथे कोणी चोर नव्हता. सिमेंट कोणी पळवले नाही, वाळू कोणी बदलली नाही. घरी पाहुणे यायच्या वेळी आपण एकच खोली आवरतो ना, तशी ती त्यांची पद्धत होती. साचे आधी भरायचे, पाणी मग सोडायचे. पण ते जास्तीचे पाणी पुढे वाळून उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. मग हवा आत शिरते, ओल शिरते, सळ्या गंजतात. मी साच्यात ओला पडून हे सगळे पाहत होतो. वाटले, आता कोणीतरी म्हणेल की साचे रिकामे करा आणि या पातळ मालाने पुन्हा भरा. कोणी म्हणाले नाही. सगळे हात धुवायला गेले.

माझ्या सहा भावांना प्रयोगशाळेत नेले. सगळे उत्तम गुणांनी पास झाले आणि शिक्का मारलेला कागद फाइलमध्ये लागला. मी सातवा, जास्तीचा. एखादा नेताना आपटलाच तर असावा म्हणून भरलेला. माझी गरज पडली नाही. इमारत उभी राहिली, रंग लागला, लोक राहायला आले, आणि कोणीतरी मला तळमजल्यावर जिन्याचे दार अडवायला लावून दिले. नशीब असे, की माझ्या हातभर अंतरावर जो खांब होता, तो त्याच दिवशी ओतलेला होता. माझ्या पाठीवर लाल रंगात त्याचा क्रमांक आणि तारीख होती. त्याच्या नावाने माझे भाऊ पास झाले होते, आणि तो कसा आहे हे मलाच ठाऊक होते.

एका दुपारी मिस्तरी आपल्या लेकीला आणि जावयाला घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावरची जागा दाखवायला. खाली आल्यावर लेक जरा घुटमळली. मिस्तरींनी खांबावर थाप मारली. "डोळे झाकून राहा गं. माझ्या हातची इमारत आहे. एक ठोकळा नापास नाही." लेकीने वडिलांकडे पाहिले आणि तिची शंकाच मिटली. ती डोळे झाकून राहायला आली.

पुढे तिला मुलगी झाली. मिस्तरी तिला चिंगी म्हणत, मग सगळी इमारतच चिंगी म्हणू लागली. शाळेत जायला लागल्यावर ती रोज सकाळी खाली येऊन माझ्यावर बसायची आणि बुटांचे बंद बांधायची. बंद काही केल्या बसत नसत, म्हणून पाठ खांबाला टेकून, जीभ बाहेर काढून तिची झटापट चाले. मला ती 'माझं स्टूल' म्हणायची. खोटे कशाला सांगू, मला ते आवडायचे. पण तिची पाठ खांबाला टेकली की ओरडून तिला उठवावेसे वाटायचे. तिला सांगणार कसे? मला ना तोंड, ना पाय, की निदान दोन हात सरकून तरी बसावे.

नवव्या वर्षी खांबाच्या बुंध्याशी केसाएवढी भेग आली. मग तिच्या कडेने गंजाचा तांबूस डाग उतरला. गिलाव्याच्या खपल्या पडू लागल्या आणि झाडूवाली रोज कुरकुर करत त्या गोळा करू लागली. इमारतीचे सेक्रेटरी सज्जन गृहस्थ होते. "ओल धरतेय जरा," म्हणून त्यांनी दोनदा रंग देऊन घेतला.

मिस्तरी दर रविवारी नातीला भेटायला येत. एका रविवारी ते खांबापाशी थांबले. बोटांच्या पेरांनी त्यांनी खांब वाजवला. आवाज बद्द आला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले, आणि मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, त्यांना तो रबरी पाइप आठवला.

मला वाटले, सुटलो. ज्याला तोंड आहे असा एकजण तरी आता जाणतो. पुढच्या रविवारी मिस्तरी आले ते आपली जुनी थापी घेऊन. त्यांनी खपल्या खरवडल्या, भेग बुजवली, नवा गिलावा केला आणि तो घोटून आरशासारखा केला. लेक चहा घेऊन खाली आली. "बाबा, हाताला अजून काय सफाई आहे हो तुमच्या!" मिस्तरींनी चहा घेतला, पण मान वर केली नाही. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. बोलावे तर लेकीपुढे आयुष्यभराची पत जायची, न बोलावे तर लेकच त्या खांबाच्या भरवशावर.

दोन महिन्यांनी इमारतीची ठरलेली तपासणी आली. सेक्रेटरींनी मिस्तरींनाही मुद्दाम बोलावून घेतले होते. तपासनीस बाई हातात टॉर्च आणि खांद्यावर पिशवी घेऊन आल्या आणि आधी माझ्यावरच घसरल्या.

"हे दार कोणी अडवलंय? जिन्याचं दार आपोआप मिटायला हवं. खाली आग लागली तर सगळा धूर जिन्यातून वर चढेल, माणसं उतरणार कुठून?"

"वारा खेळता राहतो हो, म्हणून," सेक्रेटरी म्हणाले.

म्हणजे इतकी वर्षे मी तिथे बसलो होतो, तेही नियमाच्या आड! बाईंनी मला उचलले, पाठीवरची तारीख वाचली आणि पिशवीतून हातोडी काढून मला वाजवले. माझा आवाज खणखणीत. तो बद्द यावा म्हणून मी जीव तोडून प्रयत्न केला. काँक्रीटला असे काही करता येत नाही.

सेक्रेटरींची कळी खुलली. "बघा! याच खांबाचा ठोकळा आहे. दगड आहे, दगड! फाइलमध्ये पासचा कागदसुद्धा आहे."

बाईंनी खांबावरून हात फिरवला. "गिलावा नवा दिसतोय."

"हे आमचे मिस्तरी. ही इमारत यांनीच बांधलीय. त्यांनीच केला."

"मिस्तरी, खांबाला काही झालं होतं का?"

मिस्तरींनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "वरवरच्या भेगा होत्या. बाकी काही नाही."

बाईंनी मला खांबाच्या बुंध्याशी ठेवले, कागदावर काहीतरी लिहिले आणि पेनाला टोपण लावले. त्या टोपणाचा टक् आवाज मी विसरणार नाही. सगळे संपले होते, आणि ते माझ्या खणखणीतपणामुळे संपले होते.

तेवढ्यात चिंगी शाळेतून आली. दप्तर फेकले, सवयीने माझ्यावर बसली, बुटांचे बंद सोडायला वाकली आणि मग पाठ खांबाला टेकली.

"चिंगे, ऊठ तिथून!"

मिस्तरी असे ओरडले, की पोर दचकून उभीच राहिली. बाई दारापर्यंत गेल्या होत्या, त्या वळल्या. "का हो, मिस्तरी? तुम्हीच तर म्हणालात, वरवरच्या भेगा."

मिस्तरींनी चिंगीला हाताला धरून बाजूला घेतले. "बाई, मी खोटं बोललो. या ठोकळ्यावर जाऊ नका. हे ठोकळे आम्ही आधी भरले, आणि पाणी नंतर सोडलं. ठोकळ्यात वेगळं आहे, खांबात वेगळं आहे."

"अहो, वय झालंय त्यांचं," सेक्रेटरी घाईने म्हणाले. "काहीतरीच बोलतायत."

जिन्यावर लेक उभी होती. वडिलांचा आवाज ऐकून ती चिंगीला बघायला धावत उतरली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, डोळे झाकून राहा म्हणाला होतात तुम्ही."

मिस्तरींनी चिंगीचे दप्तर उचलून लेकीच्या हातात दिले.

त्याच दिवशी खांबाभोवती लोखंडी टेकू लागले आणि सगळ्या घरांना कुलपे लागली. कोणी नातेवाइकांकडे गेले, कोणी कुठे. इमारत दुरुस्त होणार की पाडणार, ते अजून ठरलेले नाही. खांबातून यंत्राने एक गोल तुकडा कापून काढला. तो आता प्रयोगशाळेतल्या या टेबलावर माझ्या शेजारी आहे. इतकी वर्षे आम्ही हातभर अंतरावर होतो, आज लागून आहोत. त्याच्या कडा नुसत्या बोट लावले तरी झडतात.

काल मिस्तरी इथे जबाबाच्या कागदावर सही करायला आले होते. जाताना माझ्याजवळ थांबले. लेक अजून आपल्याशी बोलत नाही, असे ते इथल्या साहेबांना सांगत होते. चिंगी मात्र विचारते, आजोबा, माझं स्टूल कुठंय?

उद्या आधी तो तुकडा फुटेल, मग मी. मी जितका उशिरा फुटेन, तितके मिस्तरींचे म्हणणे खरे ठरेल. एवढे एकच काम आता माझ्या हातात आहे, आणि तेही मी मुद्दाम करणार नाही, आपोआप होईल.

मित्रांनो, तुमच्या घराचेही ठोकळे कुठेतरी, कोणीतरी भरले असतील. मोठे झाल्यावर तुमच्यातला कोणी मिस्तरी होईल, कोणी तपासनीस. ठोकळा पास झाला का, एवढेच विचारून थांबू नका. साचे भरल्यावर काय केले, तेही विचारा. आणि विचारणारा दारातून परत निघाला असेल आणि खरे काय ते तुम्हाला माहीत असेल, तर पोर खांबाला टेकायची वाट पाहू नका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.

चिंगी भेटली तर तिला सांगा, तुझे स्टूल पक्के होते. खांब तसा नव्हता.