चहातली पुडी

"चेहरा लाल व्हायला कधीपासून लागला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा बायकोच्या अगदी जिभेवर आलं होतं, 'प्यायला लागल्यापासून'. तिनं ते कसंबसं गिळलं.

नवरा बसड्रायव्हर. चार वर्षं त्याचा चेहरा मधूनच लालबुंद होई, पोट तर कायमचं बिघडलेलं. तोंडाला वास नसे. डेपोतलं फुंकायचं यंत्रही रोज शून्य दाखवी. पण संशयाला औषध नसतं. डेपोवाले यंत्राला नावं ठेवत, ही नवऱ्याला. थेंबालाही शिवलो नाही, असं तो म्हणाला की ती त्याला खोटारडा म्हणे. डॉक्टरला दाखवू म्हणाला, तर चारचौघांत शोभा नको म्हणून तिनंच अडवलं होतं.

आता तपासण्यांचे रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं. लहान आतड्यात गाठ होती, कॅन्सरचीच, पण लाखात एखाद्याला होणारी. ती रक्तात रसायन सोडते, त्यानं चेहरा लाल होतो. तिचे ठिपके यकृतात पोचले होते. आधी ऑपरेशन, मग दर महिन्याला इंजेक्शन.

सहा महिने बायको गुपचूप त्याच्या चहात एक पुडी टाकत होती. मीच तर याला मारलं नाही ना, या विचारानं तिला राहवेना.

"दारू सोडवायची पावडर घालत होते मी यांच्या चहात," ती म्हणाली. "त्यानंच झालं का हे?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुडी बंद करायला आणि तपासायला आणून द्यायला सांगितलं. पण गाठ त्याआधीची आहे, पुडीनं झालेली नाही, असंही म्हणाल्या. तिचा जीव भांड्यात पडला, तोही घटकाभरच.

"चार वर्षं त्रास होता ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "तेव्हाच आला असतात, तर कदाचित एवढं पसरलं नसतं. का नाही आलात?"

ती फरशीकडे बघत राहिली. आता तो सांगणार, आणि त्याचं काहीच चुकणार नव्हतं.

"मीच टाळलं," नवरा म्हणाला. "ही सारखी मागे लागली होती. मलाच रजा टाकायचा कंटाळा."

एवढ्या वर्षांत तो तिच्यादेखत पहिल्यांदाच खोटं बोलला होता. डॉक्टरीणबाईंनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. त्यांचं लिहून होईपर्यंत तिला तोंड उघडता आलं नाही.